गोळी कंपवाताची, बोल माणसाला

२०१७ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. दुपारचा एक वाजून गेला होता. शेवटचा पेशंट तपासून झाला होता आणि कंपाउंडर शटर ओढायच्या बेतात होता. तेवढ्यात एक ओळखीच्या बाई आत आल्या. वय पासष्टीच्या घरात. एरवी त्या यजमानांना घेऊन येतात, त्या दिवशी एकट्याच आल्या होत्या. केसपेपर काढू नका म्हणाल्या. कंपाउंडर बाहेर जाईपर्यंत गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "डॉक्टर, आमच्या ह्यांच्या हाताबद्दल सांगायला नाही आले. हात बरा आहे. हे माणूसच बदललेत."

त्यांच्या यजमानांना आपण अण्णा म्हणू. नाव, नोकरी वगैरे तपशील मी बदलले आहेत, आणि ही हकिगत लिहायला दोघांची परवानगी घेतली आहे. अण्णा एका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. हिशेबाला इतके चोख, की आळीतल्या कोणाच्या लग्नकार्याचा जमाखर्च जुळेना झाला की अण्णांना बोलावणे जायचे. दिवाळीत पत्ते खेळायचे तेही बिनपैशाचे. असा हा गृहस्थ गेले आठ-दहा महिने आकडा लावीत होता. आधी दहा-वीस रुपये, मग शे-दोनशे, मग निवृत्तीवेतनाचा निम्मा भाग. जोडीला लॉटरीची तिकिटे, तीही एकदम पंचवीस-तीस. मुदतठेव मोडली ती घरात कोणाला कळली नाही. भाचीच्या लग्नासाठी बाईंनी कपाट उघडले, तेव्हा सासूबाईंच्या दोन पाटल्या जागेवर नव्हत्या. त्या सराफाकडे गहाण पडल्या होत्या.

घरात काय झाले असेल याची कल्पना वाचकांनी करावी. थोरला मुलगा म्हणाला, बाबांना म्हातारचळ लागला. सून बोलेनाशी झाली. कोणी सांगितले करणी आहे, म्हणून एका ठिकाणी नेऊन अंगारा, गंडादोरा झाला. बाई म्हणाल्या, "चाळीस वर्षं संसार केला, डॉक्टर. ह्या माणसाला मी ओळखत नव्हते असं म्हणायचं का आता?"

मी अण्णांचा केसपेपर काढला. अण्णांना कंपवात, म्हणजे ज्याला आम्ही पार्किन्सनचा आजार म्हणतो तो, झाल्याला तेव्हा चार वर्षे होत आली होती. दीड वर्षापूर्वी मोठ्या शहरातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी त्यांना प्रॅमिपेक्सॉल नावाची गोळी सुरू केली होती आणि पुढे तिचा डोस वाढवला होता. त्या कागदावर माझ्या हस्ताक्षरात ओळीने नोंदी होत्या. बी. पी. ठीक. कंप कमी. चाल सुधारली. मलावरोध. तीच औषधे चालू. अशा 'तीच औषधे चालू' मी दीड वर्षात पाच वेळा लिहिल्या होत्या. या गोळीने माणसाला जुगाराचा नाद लागू शकतो हे मी वाचलेले होते. पण समोर बसलेल्या अण्णांना मी एकदाही विचारले नाही. अण्णांना काय विचारायचे, हा विचारसुद्धा माझ्या मनात आला नव्हता.

गोळीचा आणि आकड्याचा संबंध काय, हे समजण्यासाठी थोडे मेंदूत शिरावे लागेल. मेंदूच्या मध्यभागात काळसर पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. या पेशी डोपामिन नावाचे द्रव्य तयार करतात. आपण उठतो, चालतो, सदऱ्याची गुंडी लावतो, त्या हालचाली सुरळीत व्हाव्यात यासाठी हे द्रव्य लागते. कंपवातात या पेशी हळूहळू मरतात. हात थरथरू लागतो, अंग ताठरते, पाऊल अडते, चेहऱ्यावरचे भाव हरपतात, अक्षर बारीक होत जाते. हे सारे दिसू लागेपर्यंत निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक पेशी गेलेल्या असतात.

पण डोपामिनचे काम एवढेच नाही. मेंदूत त्याचा दुसराही एक पाट वाहतो. एखादी गोष्ट हवीशी वाटणे, ती मिळाल्यावर बरे वाटणे, ती पुन्हा मिळवण्यासाठी हात पुढे होणे, हे सगळे या दुसऱ्या पाटावर अवलंबून असते. कंपवाताच्या पहिल्या काही वर्षांत हालचालीचा पाट आटतो, दुसरा मात्र बऱ्यापैकी भरलेला असतो. आता शेतकरी वाचकांना वेगळे सांगायला नको. एक वाफा कोरडा आणि शेजारचा ओला असताना दोन्हींवर सारखेच पाणी सोडले, तर कोरडा वाफा हिरवा होतो आणि ओल्यात पाणी तुंबते. अण्णांचा हात थांबला, चाल सुधारली, आणि शेजारच्या वाफ्यात पाणी तुंबले. हवेसे वाटणे वाढले आणि 'पुरे' म्हणणारा लगाम ढिला पडला.

कंपवातावरची औषधे मुख्यतः दोन प्रकारची. पहिले लेव्होडोपा. मेंदूत गेल्यावर त्याचेच डोपामिन बनते. आपल्याकडे ते कार्बिडोपाबरोबर एकाच गोळीत मिळते. दुसरा प्रकार डोपामिनची नक्कल करणाऱ्या औषधांचा. प्रॅमिपेक्सॉल आणि रोपिनिरोल ही त्यातली आज प्रचारात असलेली नावे. या दोन्ही गोळ्यांना अमेरिकेत १९९७ साली मान्यता मिळाली. या गोळ्यांचा ओढा मेंदूतल्या त्या दुसऱ्या पाटाकडे जरा जास्तच असतो, म्हणून आज सांगतो आहे तो त्रास लेव्होडोपापेक्षा यांच्यामुळे अधिक होतो.

अशी शंका वैद्यकाला पहिल्यापासून होती. १९६७ साली अमेरिकेतील ब्रूकहेवन प्रयोगशाळेत डॉ. जॉर्ज कोट्झियास यांनी लेव्होडोपा मोठ्या मात्रेत देऊन रुग्ण हिंडतेफिरते केले. पुढे दोनच वर्षांनी, १९६९ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये डॉ. ऑलिव्हर सॅक्स यांनी वर्षानुवर्षे पुतळ्यासारख्या बसून असलेल्या रुग्णांना हे औषध दिले. मेंदूज्वराच्या एका जुन्या साथीनंतर ते तसे झाले होते. औषधाने ते उठले, बोलू लागले. पण काहींच्या बाबतीत औषधाबरोबर अनावर वासना, हावरटपणा, उन्मादही आला. सॅक्स यांनी १९७३ च्या आपल्या पुस्तकात हे सारे नोंदवून ठेवले आहे.

जुगाराकडे मात्र सर्वांचे लक्ष जरा उशिरा गेले. अमेरिकेत ॲरिझोना राज्यातील फिनिक्स शहरी पार्किन्सनच्या आजाराचे एक केंद्र आहे. प्रसिद्ध मुष्टियोद्धा महंमद अली याला हा आजार होता आणि त्याचेच नाव या केंद्राला दिलेले आहे. तिथल्या डॉक्टरांनी एका वर्षात आलेल्या १,८८४ रुग्णांचे कागद तपासले. त्यांत ९ जण जुगाराच्या पूर्ण आहारी गेलेले आढळले. त्यांपैकी ८ जण प्रॅमिपेक्सॉल घेत होते आणि एक जण त्याच वर्गातले पर्गोलाइड. हा अहवाल २००३ साली प्रसिद्ध झाला. नऊ हा आकडा लहान वाटेल. पण ते नऊ केवळ आपणहून बोललेले किंवा कागदावर आलेले. पुढे २०१० साली अमेरिका आणि कॅनडातील ४६ केंद्रांवर ३,०९० रुग्णांना मुद्दाम विचारून पाहणी झाली, तेव्हा वेगळेच चित्र दिसले. नक्कल करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी शेकडा १७ जणांना जुगार, खरेदी, खाणे किंवा कामवासना यांपैकी कशावर तरी ताबा ठेवता येत नव्हता. त्या गोळ्या न घेणाऱ्यांत हे प्रमाण शेकडा ७ च्या आसपास होते. विचारले की सापडते, हा यातला धडा, आणि तो मला पाटल्या गहाण पडल्यावर मिळाला.

जुगार पुरुषांचा आणि खरेदी बायकांची, असे काटेकोर नसते. तरी त्या पाहणीत स्त्रियांमध्ये खरेदी आणि खाण्याचा सोस जास्त दिसला, पुरुषांमध्ये कामवासनेचा. माझ्याकडच्या एका बाई रोपिनिरोल घेत होत्या. त्यांनी एका वर्षात हप्त्याहप्त्याने साठाच्या वर साड्या घेतल्या. बहुतेकांच्या घड्यासुद्धा मोडल्या नव्हत्या. नवऱ्याला वाटे, आजारी माणूस आहे, हौस करते आहे, करू दे. दुसरे एक गृहस्थ रात्री दोनला उठून डबे उघडीत, फरसाण, गूळ, शिळ्या पोळ्या, सापडेल ते खात. सहा महिन्यांत त्यांचे वजन अकरा किलोने वाढले आणि मी त्यांना पथ्यावर भाषण देत बसलो.

कामवासनेच्या विषयावर वर्तमानपत्रात लिहिताना संकोच होतो, पण याच संकोचापायी घरे मोडतात, म्हणून लिहितो. सत्तरीच्या माणसाची पत्नीकडे वेळीअवेळी मागणी सुरू होते, नकार दिला की चिडणे, संशय घेणे. कोणी मोबाइलवर नको ते पाहत बसतो. बायको हे मुलाला सांगू शकत नाही, सुनेला तर नाहीच, आणि डॉक्टर पुरुष असल्यामुळे त्यालाही नाही. रुग्णाला स्वतःला याची लाज वाटत असते. बाहेरच्यांना ते सोंग वाटते, पण आतल्या माणसाला ते ढकलत नेणारे असते. अण्णा मला नंतर म्हणाले, "मला कळत होतं हो. दुकानापाशी आलो की पाय वळायचा. आधी माझे पाय चालत नव्हते आणि आता थांबत नव्हते."

आणखी एक प्रकार आहे, त्यात पैसा जात नाही, रात्री जातात. एक निवृत्त रेडिओ दुरुस्त करणारे कारागीर रात्रभर जुने रेडिओ, घड्याळे, मिक्सर खोलून त्यांचे सुटे भाग ओळीने लावीत बसत. पुन्हा जोडणे नाही, फक्त खोलणे आणि लावणे. जेवायला हाक मारली तर राग. याला वैद्यकात पंडिंग म्हणतात. शब्द स्वीडनमधल्या नशेबाजांच्या बोलीतला आहे. लेव्होडोपाच्या जादा गोळ्या आपल्या मनाने घेणाऱ्यांत हे विशेष दिसते. 'एक गोळी घेतली की हातपाय मोकळे होतात, मग दोन घेऊ' हा हिशेब फार महागात पडतो.

भास हा प्रकार निराळा. तो कोणत्याही गोळीने होऊ शकतो, आणि आजार जुना झाला की गोळीशिवायही. आजीबाई सांगतात, कोपऱ्यात लहान मुले बसली आहेत, पायाशी मांजर फिरते आहे. बरेचदा त्या घाबरलेल्याही नसतात, घरचेच घाबरतात. मग देवऋषी येतो. म्हाताऱ्या माणसात ट्रायहेक्सिफेनिडिल, ज्याला पुष्कळजण पॅसिटेन या नावाने ओळखतात, ते आणि अमँटाडीन ही औषधे भास आणि गोंधळ वाढवतात. भास अचानक सुरू झाले तर आधी लघवीतला जंतुसंसर्ग, अंगातले पाणी कमी होणे, नव्याने दिलेले एखादे औषध, या गोष्टी पाहाव्या लागतात. एक सूचना मात्र लक्षात ठेवा. भासांवर नेहमी दिले जाणारे हॅलोपेरिडॉल कंपवाताच्या रुग्णाला दिले तर त्याचे अंग ताठरते आणि तो अंथरुणाला खिळू शकतो. उलटीवरचे मेटोक्लोप्रमाइड हेही तसेच. म्हणून कोणत्याही दवाखान्यात गेलात तरी 'कंपवात आहे' हे सुई टोचण्याआधी सांगा.

आता मुख्य प्रश्न, करायचे काय? हे वाचून कोणी आजच घरातली गोळी उकिरड्यावर टाकील, ही मला भीती आहे. तसे मुळीच करू नका. प्रॅमिपेक्सॉल किंवा रोपिनिरोल एकदम सोडले तर कासाविशी, घाम, निराशा, जीव नकोसा होणे असा त्रास होतो. तो दारू सोडणाऱ्यासारखा असतो आणि कधीकधी महिनोन्महिने टिकतो. लेव्होडोपा एकाएकी बंद केले तर तीव्र ताप येऊन, अंग लाकडासारखे होऊन जिवावर बेतू शकते. डोस तज्ज्ञांच्या सल्ल्याने पायरीपायरीने उतरवावा लागतो. बहुधा नक्कल करणारी गोळी कमी किंवा बंद करून लेव्होडोपावर भागवले जाते. कंप थोडा वाढतो, पण नाद बहुतेकांचा सुटतो. काहींना आठवड्यांत, काहींना महिन्यांत, थोड्यांना पूर्ण सुटत नाही. तोवर पैशाच्या चाव्या दुसऱ्याकडे असाव्यात. बँकेचे पुस्तक, कार्ड, मोबाइलवरून पैसे देण्याची सोय, सगळे. हे त्या माणसाला विश्वासात घेऊन करावे, चोरासारखे वागवून नाही.

आणि ही गोळी वाईट आहे असेही माझे म्हणणे नाही. शेकडा १७ म्हणजे ८३ जणांना हा त्रास नाही. तरुण वयात कंपवात झालेल्यांना ती फार उपयोगी पडते. मात्र ती सुरू करण्याच्या दिवशीच रुग्णाला आणि घरच्या एका माणसाला समोर बसवून हे सांगायला हवे. वय कमी असेल, आधी जुगार, दारू किंवा सिगारेट यांची सवय असेल, घराण्यात कोणी जुगारी असेल, तर दुप्पट सांगायला हवे. माहितीपत्रकात ही सूचना असते म्हणे. पण आपल्याकडे दुकानदार पट्टी कात्रीने कापून दहा गोळ्या कागदाच्या पुडीत देतो. माहितीपत्रक कोणी पाहिले आहे?

हीच औषधे इतर आजारांतही देतात, हे ध्यानात असू द्या. रात्री अंथरुणात पाय स्वस्थ राहत नाहीत, सारखे हलवावेसे वाटतात, त्या विकारात प्रॅमिपेक्सॉल कमी मात्रेत देतात. प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढलेल्या स्त्रियांना कॅबरगोलिन देतात, तेही याच घराण्यातले. त्यांनाही असा बदल कधीकधी होऊ शकतो. शिवाय खाजकुइलीचे बी, ज्याला औषधात कवचबीज म्हणतात, त्यात नैसर्गिक लेव्होडोपा असते. जुने वैद्य कंपवातात ते देत आले आहेत. पण आमची गोळी आणि त्यांचे चूर्ण एकमेकांना न सांगता चालू राहिले, तर डोस नकळत वाढतो. चूर्ण घेत असाल तर सांगा. मी रागावणार नाही.

त्या दिवशी मी बाईंना म्हणालो, "काकू, अण्णा बिघडलेले नाहीत. हे गोळीचं आहे." त्या कितीतरी वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारले, "हे मुलाला तुम्ही सांगाल का? माझं ऐकणार नाही." मी मुलाला बोलावून घेतले. त्याला ते पटायला वेळ लागला. गोळीमुळे माणूस जुगार खेळतो, हे त्याला सबब वाटत होते. मेंदूविकारतज्ज्ञांना मी फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि डोस उतरवण्याचा तक्ता पाठवला. चार महिने लागले. मधल्या काळात अण्णा फार खचले. रात्र रात्र जागे असत. दोनदा मला घरी जावे लागले. डोस शून्यावर आल्यावर सहाएक आठवड्यांनी बाईंचा निरोप आला, की ते लॉटरीच्या दुकानावरून भाजी घेऊन आले आणि थांबले नाहीत.

या रुग्णांसाठी आणि घरच्यांसाठी आता काही ठिकाणी मंडळे आहेत. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, मुंबईतही या आजाराच्या रुग्णांसाठी काम करणारी संस्था आहे. आपल्या गावातून तिकडे दर महिन्याला जाणे कठीण, पण एकदा जाऊन आलेला माणूस निदान आपण एकटे नाही हे पाहून येतो. अण्णा आणि काकू एकदा जाऊन आले. तिथे काकूंच्या शेजारी बसलेल्या एका बाईंनी स्वतःच्या घरची हकिगत दबक्या आवाजात सांगितली. ती ऐकून काकूंनी आपली सांगितली.

अण्णांचा उजवा हात आता पुन्हा थरथरतो, पूर्वीपेक्षा थोडा अधिकच. चहा ते अर्धा कप भरून घेतात. दोनपैकी एक पाटली सोडवून आणली, दुसरी सराफाकडून सुटली नाही. मुलगा दर रविवारी येतो, पण पैशाचा विषय निघाला की अजून खिडकीबाहेर बघतो. महिन्याच्या तपासणीला दोघे येतात, तेव्हा बी. पी. च्या आधी मी चार प्रश्न विचारतो: आकडा, खरेदी, खाणे आणि चौथा. चौथ्याला काकू उठून बाहेरच्या बाकावर जाऊन बसतात, आणि अण्णा उत्तर देतात.